मादाम, त्या हिरव्या भुतासाठी थँक्यू

प्रिय मादाम,

हे मराठीत लिहितोय, कारण फ्रेंचमध्ये लिहायला बसलं की सगळं सरकारी अर्जासारखं होतं आणि मनातलं राहूनच जातं. शनिवारी माझी लेक तुम्हाला वाचून अर्थ सांगेल. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

मोरँ कीना या फ्रेंच दारूच्या जाहिरातीचं ते जुनं पोस्टर मी दोन वर्षं पैसे साठवून घेतलं होतं. काप्पिएलो या चित्रकाराचं, १९०६ चं, काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरवंगार भूत बाटलीचं बूच काढतंय ते. पॅरिसला आल्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच जीव जडला होता. त्यातलं "कीना" म्हणजे आपलं कोयनेल, हिवतापाला आजी द्यायची ते कडू औषध, आणि इथे लोक ते वाइनमध्ये घालून जेवणाआधी हौसेने प्यायचे! ज्याने विकलं तो "ॲब्सिंथचं आहे, ओरिजिनल आहे" म्हणाला. ॲब्सिंथ ही दारूच हिरवी, त्यामुळे हिरवं दिसलं की ॲब्सिंथ म्हणून मोकळे होतात, तिथेच मला शंका यायला हवी होती. नंतर विचारायला गेलो तर ओळखच दाखवेना. अजून दोन दुकानांत दाखवलं, एकाने तर कागद पूर्ण उलगडलासुद्धा नाही, उभ्या उभ्या "हे काय आणलंय" म्हणून हसला, आणि लेक माझ्या शेजारी उभी होती.

मग पॅरिसच्या वेशीवरच्या सँतुआँच्या जुन्या बाजारात, तुमच्या पोस्टरांच्या दुकानात आलो. तुम्ही आधी तिला स्टूल दिलंत. मग काही न बोलता पोस्टर टेबलावर पसरलंत, कोपरे तळहाताने दाबून धरलेत आणि भिंग माझ्या हातात दिलंत. शेजारी तुमच्याकडचा सिंझानो दारूच्या खऱ्या पोस्टरचा एक फाटका तुकडा ठेवलात, १९१० चा, लाल झेब्र्याचा. त्यातला रंग वाळू सांडल्यासारखा, दाणेदार, वेडावाकडा पसरलेला, कारण तेव्हा दगडावरून छापायचे, एकेका रंगाला वेगळा दगड आणि तोच कागद पुन्हा पुन्हा छापायचा. आणि माझ्या भुताच्या हिरव्यात बारीक गोल ठिपके, जाळीसारखे, एकाच अंतरावर. ऑफसेट, म्हणजे नंतरच्या काळातली ठिपक्यांची छपाई. मला दिसलं. तुम्ही "नकली" हा शब्द एकदाही उच्चारला नाहीत, मला दिसेपर्यंत नुसत्या थांबलात.

पण मला आठवतं ते त्याच्या पुढचं. पोस्टर काही किमतीचं नाही हे आपल्या दोघांना कळलं होतं, मी ते चुरगाळून बगलेत मारून निघणार होतो. तुम्ही ते माझ्या हातातून घेतलंत, वर पातळ टिश्यू अंथरलात, जाड नळीवर हळूहळू गुंडाळलंत, कडा एकसारख्या आल्या नाहीत म्हणून परत उलगडून पुन्हा गुंडाळलंत, आणि सुती फीत बांधलीत, गाठ सैल, कागदाला वळ पडू नये म्हणून. अगदी तुमच्या मागच्या खोलीतल्या खऱ्या पोस्टरांना बांधता तशीच. दीडदमडीच्या कागदाला! आणि ती नळी माझ्या नाही, लेकीच्या हातात दिलीत. पैसे विचारले तर हात झटकलात.

जिने दिवसभर खरी पोस्टरं हाताळायची तिला माझं खोटं कशाला जपायचं होतं? कोणी बघत नसताना, काही मिळणार नसताना माणूस समोरच्याच्या वस्तूशी कसा वागतो ना, त्यावरून मला आता माणूस कळतो. माझे आजोबा फाटकी वहीसुद्धा दोन्ही हातांनी द्यायचे, तुमच्याकडे बघून तेच आठवले, आणि त्या दिवशी मेट्रोत माझे डोळे भरून आले हे आज सांगतोय.

भूत आता स्वयंपाकघरात लावलंय, फ्रिजच्या वर. फीत लेकीने तिच्या कंपासपेटीत ठेवलीये, द्यायला तयार नाही. शनिवारी येतो, बायकोने तुमच्यासाठी चकल्या केल्यात, यावेळी तिखट कमी घालून.

तुमचा,
हिरव्या भुतावाला