मणके जोडण्याआधी रुग्णाला मराठीत सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या ओळखीतल्या, अंबड एमआयडीसीत काम करणाऱ्या एका गृहस्थांना कंबरेचे दोन मणके स्क्रू आणि सळ्या घालून जोडून घेण्याचा सल्ला मिळाला. संमतीपत्र इंग्रजीत होते, सही लगेच हवी होती. त्यांनी विचारले, ‘जोडलेले मणके पुन्हा हलतात का?’ उत्तर कोणी दिले नाही. ते नाही असे आहे. तेवढा सांधा कायमचा बंद होतो, हाड जुळायला सहा महिने ते वर्ष लागते, तंबाखूने ते जुळणे रखडते आणि वरखालच्या मणक्यांवर ताण वाढतो. हे आधी कळणे रुग्णाचा हक्क आहे.

मणका खरोखर सरकला असेल, मोडला असेल, क्षयाने पोखरला असेल तर ही शस्त्रक्रिया माणसाला उभे करते. तिला नावे ठेवण्याचा हेतू नाही. काळजी वाटते ती नुसत्या जुन्या कंबरदुखीसाठी ती सुचवली जाते तेव्हा. एमआरआय पाहून ‘मणक्यात गॅप आहे’ म्हटले की घरचे हबकतात. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचा मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या दोन मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२००५) मणके जोडणे हे नेटाने करून घेतलेल्या व्यायामोपचारापेक्षा सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. इथे व्यायामोपचार म्हणजे शेक, पट्टा आणि गोळ्या नव्हे. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही आठवडे सातत्याने केलेली मेहनत. पाळीत काम करणाऱ्याला किंवा निफाडच्या द्राक्षबागेत क्रेट उचलणाऱ्या बाईला रोजगार बुडवून ती परवडत नाही, ही खरी अडचण आहे.

पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे. राज्यातले बहुतेक डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतूनच शिकून बाहेर पडतात. विद्यापीठाने या शस्त्रक्रियेची सोप्या मराठीत दोन पानी माहिती तयार करून द्यावी, आणि रुग्णालयांनी ती सहीच्या निदान काही दिवस आधी रुग्णाच्या हाती ठेवावी. कामगार वस्तीजवळ संध्याकाळी उशिरापर्यंत चालणारी फिजिओथेरपी केंद्रे महापालिकेने सुरू करावीत, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सिडको, नाशिक