हलकं काम म्हणजे किती किलो?

मा. संपादक साहेब,

नमस्कार. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, वय 46. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, 19 वर्षं वाळूचे साचे करणारा मोल्डर होतो. वाळू भरलेला मोल्डिंग बॉक्स दोघांनी दोन बाजूला धरून उचलायचा, पलटी मारायचा, परत ठेवायचा, दिवसभर हेच, तेव्हा काय वाटत नव्हतं. पण चार वर्षांमागं असंच अर्धवट वळून उचलताना कमरेत कट्ट वाजलं आणि डाव्या पायात घोट्यापर्यंत करंट बसल्यासारखी कळ गेली. एमआरआयमध्ये एल फोर-एल फाईव्हची, म्हणजे कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. ऑपरेशन नको म्हणाले, व्यायामावर ठेवलं. आता बरा आहे, म्हणजे तासभर एका जागी बसलो तर उठताना भिंत धरावी लागते तेवढंच.

सध्या एका किराणा दुकानात गल्ल्यावर बसतो. पगार म्हणाल तर पेट्रोल आणि चहात जातो. मुलगी यंदा डिप्लोमाला आहे. त्यात हायवेला लागून एका पार्सल गोडाऊनमध्ये दिवाळीच्या गर्दीसाठी माणसं भरालेत म्हणून गावातल्या ग्रुपवर मेसेज आला, पॅकेज हँडलर म्हणजे पार्सलं उचलणारा-ठेवणारा, दहावी पास, महिना 16 हजार, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), काम हलकं. गेलो बघायला. (फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता, मराठीचा पत्ता नाही, पण त्यावर लिहायला बसलो तर तुमचं पान पुरायचं नाही, ते पुन्हा कधीतरी.)

सुपरवायझर पोरगा चांगला होता. मी विचारलं, हलकं म्हणजे किती किलो? म्हणाला, अंकल, गाडीतून काढून बेल्टवर ठेवायचं, बस. मी परत विचारलं तर म्हणाला वजन पार्सलवरच छापलेलं असतं, बघून उचला.

आता गंमत बघा. पार्सलवरचं वजन बऱ्याचदा खरं वजन नसतंच. कुरिअरवाले खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये करतात, त्याला बहुतेक ठिकाणी 5000 नं भागतात आणि ते काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त आलं तर बिलाला तेच धरतात. म्हणजे 60 बाय 50 बाय 40 च्या खोक्यात नुसत्या उशा असल्या तरी 24 किलो लागतात, आणि शेजारी चपलेच्या डब्याएवढ्या खोक्यात आमच्याच उद्यमबागेतलं कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचा भाग भरलेला असतो, ते खरंच वीस-बावीस किलोचं. हलकं समजून झटक्यात उचललं की कंबर गेलीच. बरं लेबल वरच्या बाजूला असेल तर ना, गाडीत थप्पी लावलेली असते तेव्हा ते खाली नाहीतर भिंतीकडं.

पुतण्या सेफ्टीचा कोर्स करतो, त्यानं शोधून दिलं. अमेरिकेच्या एका सरकारी संस्थेनं 1991 मध्ये हिशेब घातलाय, सगळं अनुकूल असेल, ओझं अंगाजवळ, कमरेच्या उंचीला, कंबर न पिळता, तरच 23 किलोपर्यंत ठीक. हात लांब गेला, जमिनीवरनं उचललं, वळलं की आकडा खाली येतो. आणि एका खोक्याचं काय घेऊन बसलाय, मिनिटाला पाच खोकी आणि एक सरासरी सहा किलोचं धरलं तरी तासाला 1800 किलो हातातनं जातंय. फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला शिकवलंय, गुडघ्यात वाक, खोकं पोटाशी घे, कंबर पिळू नको, पाय फिरव. पण कंटेनरच्या आत थप्पीच्या फटीत उभं राहून पाय फिरवायला जागा कुठाय? काहीजण रुंद पट्टा बांध म्हणतात, पट्ट्यानं मला तरी धीर येतो, गादी जागेवर येत नाही.

बायको म्हणते, रानात भात कापायला वाकता येईना आणि लोकांची खोकी उचलायला निघालाय होय? तिचं बरोबर आहे, पण फी ती थोडीच भरणार आहे, आणि मी तरी कुठनं भरू.

दुसरी अडचण अशी, पाठीचं आधी सांगितलं तर घेणार नाहीत, लपवलं आणि तिथंच कंबर गेली तर जुनं दुखणं होतं म्हणून हात वर करतील. ईएसआय आहे म्हणतात, महिना 21 हजारापर्यंत पगार असणाऱ्यांना ते लागू असतं, ठेकेदाराकडच्यांनाही. पण आजारपणाच्या रजेचा 70 टक्के पगार मिळायला किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. दिवाळीपुरतं दोन महिने काम, त्यात सुट्ट्या वजा केल्या तर 78 दिवस भरणार कसे? कामावर इजा झाली तर ही अट नाही, पण जुन्या कमरेची इजा सिद्ध करायला मी कुणाकुणाकडं हेलपाटे घालू?

म्हणून एवढंच म्हणणं आहे. जाहिरातीत दहावी पास लिहिता तसं सगळ्यात जड खोकं किती किलोचं, तासाला साधारण किती खोकी, गाडीतनं उतरवायचं का नुसतं स्कॅनिंग (मशीननं पार्सलवरचा कोड वाचायचं काम), हे लिहा की. सिमेंटच्या पोत्यावर 50 किलो छापलेलं असतं, हमाल बघून ठरवतो एकट्यानं घ्यायचं का दुसऱ्याला हाक मारायची. पार्सलवर बिलाचं सोडून काट्यावरचं वजन मोठ्या आकड्यात, दोन बाजूला छापायला किती खर्च येणार आहे?

स्कॅनिंगची जागा मिळते का म्हणून सुपरवायझरला विचारलंय, तिथं उभं राहावं लागतं पण उचलायचं कमी. बघतो म्हणालाय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं अशा गोडाऊनमध्ये कमरेचं दुखणं घेऊन कुणी काम करत असेल तर त्यानं तुमच्या पानावर जरूर लिहावं, आणि शक्य असेल तर लवकर, कारण मला सोमवारी सांगायचंय.

आपला,
एक जुना मोल्डर, येळ्ळूर