भाऊंची कॅसेट आणि पत्र्यावरचा पाऊस

प्रिय पक्या,

भाऊंच्या आषाढीच्या भजनाची कॅसेट सापडली! आत्याने माळ्यावरची ट्रंक उपसली त्यात निघाली, कव्हरवर भाऊंचंच तिरकं अक्षर. आई बरी आहे, गुडघा आहे तसाच, माझं बीपी गोळीवर ठीक.

सगळं लिनक्सवरच, माझ्या त्या विंडोजऐवजीच्या सिस्टिमवर, उतरवून घेतलंय, आणि आता हसू नकोस. हॉस्टेलवर 2008 साली आपण यावरून आठवडाभर बोलत नव्हतो, आठवतंय ना, तेव्हा लिनक्समध्ये आवाज सांभाळणारं पल्सऑडिओ नवंनवं आलेलं आणि ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की गाण्याचा प्लेअर मुका व्हायचा, आणि तू अख्ख्या मजल्यावर सांगत फिरायचास की याच्या कॉम्प्युटरला घसा बसलाय. तर तो घसा आता सुटला बरं का. हल्ली त्याच्या जागी पाइपवायर आहे, विम टायमन्सने मुळात व्हिडिओसाठी सुरू केलेलं आणि मग ऑडिओही त्यातच आला, फेडोरात, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारात, 2021 पासून तेच डिफॉल्ट. कॅसेट डेकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा यूएसबीचा छोटा ऑडिओ इंटरफेस लावला, ड्रायव्हर वगैरे काही नाही, लगेच दिसला. कुठला आवाज कुठे जातो ते दाखवणारं क्यूपीडब्ल्यूग्राफ उघडलं की स्क्रीनवर चौकोन आणि त्यांच्यामधल्या वायरी दिसतात, एक वायर रेकॉर्डिंगच्या ऑडॅसिटीकडे नेली, दुसरी हेडफोनकडे, म्हणजे रेकॉर्ड होतानाच ऐकतोय. हे तेव्हा असतं तर तू माझ्याकडे हरलाच असतास.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात मात्र डेक लावायचा नाही, ते मोनो असतं आणि डेकचा आवाज त्याला झेपत नाही, फाटतो. डेकच्या टेप वाचणाऱ्या हेडचा स्क्रू बारीक फिरवत गेलो आणि टाळ जिथे सगळ्यात लखलखीत वाजला तिथे सोडला. रेकॉर्डिंगची लेव्हल कमाल मर्यादेच्या खाली, उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवली, कारण तात्या मधेच पखवाजावर कशी थाप मारतात ते तुला माहितीये. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, नव्वद मिनिटांच्या कॅसेटची दीड जीबीची वेव्ह फाईल, मग फ्लॅक केली, त्यात आवाजातलं काहीच जात नाही, फक्त जागा वाचते.

आता खरं दुखणं. दादाला ती वर्षश्राद्धाला लावायची आहे, मंडळाच्या ग्रुपवरही टाकायची आहे, आणि त्याचं एकच पालुपद, खरखर काढ. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन आहे, नुसती खरखर असलेला तुकडा त्याला दाखवायचा, मग ते सगळीकडून तेवढं वजा करतं. पण पक्या, त्या रात्री पाऊस होता रे. पडवीचा पत्रा. भजन सुरू व्हायच्या आधीची जी शांतता आहे ना टेपवर, ती शांतता नाहीच, तो पाऊस आहे, आणि पाऊस आणि टेपची खरखर दोन्ही जाड-बारीक सगळ्या आवाजांत पसरलेली, मशीनला कुठलं कुठे संपतं ते कळत नाही. थोडं काढलं तर चालतंय. जास्त काढलं की पाऊस गेला, टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे झाले, आणि दोन अभंगांच्या मधे भाऊ पेटीवाल्याला पट्टी सांगत हळूच म्हणतात, "काळी दोन घे", त्यातलं "घे" ऐकूच येईना. नंतर पेटीच्या भात्याचा जो उसासा आहे तोही गेला. गाणं राहिलं, पडवी गेली!

दादाला हेच सांगतोय तर तो म्हणतो लोकांना भाऊंचा आवाज ऐकायचाय, पाऊस नाही. त्याचंही खरं आहे, वाईट वाटतं मला, त्याला स्पीकरवर मोठ्याने लावायचंय आणि तिथे खरखर टोचणारच. म्हणून त्याला वेगळी हलकी साफ केलेली कॉपी देणार, ओपस या छोट्या फाईलच्या प्रकारात, पण मूळ फ्लॅकला हात लावू देणार नाही. तो म्हणतो दोन-दोन फाईली कशाला, जुनी उडव. उडवणार नाही! कॅसेट पुन्हा किती वेळा चालेल सांगता येत नाही, मधे एका जागी टेप चुरगळलीय.

तू त्या रात्री पत्र्याखाली माझ्या शेजारी होतास, टाळ उलटा धरलेला (हे मी अजून सगळ्यांना सांगतो). म्हणून दोन्ही फाईली तुला पाठवतोय. फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून ऐक, बारा मिनिटांनंतरचा भाग, आणि दादाला तू फोन कर. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकतो, ही जुनीच तक्रार.

पुढे व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटचा नंबर आहे, ताईच्या लग्नाची. तिचं नंतर लिहितो.

पोरीच्या अ‍ॅडमिशनचं काय झालं? नवीन बॉस सुधारला का? वहिनींना नमस्कार. गणपतीला येतोयस का ते नक्की कळव, तिकिटं संपतात.

तुझा,
बंड्या