घरात ठेवायची सायकल पाठवू नकोस

चि. अद्वैत यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मध्येच "आई, ऐक ना" म्हणतोस आणि माझा मुद्दा राहून जातो, म्हणून हे लिहायला बसले. मी पडल्याची बातमी बाबांनी मला न विचारता तुला कळवली, आणि तू लगेच ती एका जागी उभी राहणारी व्यायामाची सायकल मागवायला निघालास. मागवू नकोस. आठवडाभर कौतुक होईल, मग तिच्यावर टॉवेल वाळत पडतील. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंकडे बघून ये हवं तर.

आधी त्या पडण्याचं सांगते. बाबांनी "आई सायकलवरून पडली" एवढंच सांगितलं असणार. मी उभ्या सायकलवरून कलंडले. फुटपाथशेजारी तांबड्या ब्लॉकचा सायकल ट्रॅक आहे, तो मध्येच संपतो आणि समोर गाड्या शिरू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेत. पाऊस पडून गेलेला, खांबाच्या पुढ्यात कुणी तरी स्कूटर लावलेली. मी ब्रेक लावला, पाय टेकायला गेले तर खाली गुळगुळीत ओला ब्लॉक. मनगट खरचटलं, गुडघ्याला काळंनिळं झालं. एक्स-रे काढला, हाड शाबूत. डॉक्टरांनी हाडांची घनता तपासून घ्यायला लावली, ती थोडी कमी निघाली. पण सायकल बंद करा असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, सायकलने गुडघे, हृदय, दम सगळ्याला फायदा होतो, हाडांना मात्र नाही, कारण शरीराचा भार सीटवर असतो. हाडांसाठी चाला, जिने चढा, थोडी वजनं उचला. आता तूच सांग, तुझी ती घरातली सायकल हाडांचं काय भलं करणार? तिच्यावरही बसायचंच ना?

आणि या वयात पुन्हा सायकल चालवायचं हे खूळ तुझ्याच गावी माझ्या डोक्यात शिरलं, हे विसरू नकोस. मी तिकडे नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला आल्यावर पहिल्या रविवारी तूच मला शेजारणीची सायकल आणून दिलीस आणि व्हेल्डहोव्हनच्या वाटेवरच्या त्या अधांतरी गोल पुलावर घेऊन गेलास. मधे सत्तर मीटरचा खांब, त्याला तारांनी टांगलेलं कडं, वर फक्त सायकली आणि माणसं, गाड्या सगळ्या खालून. २०१२ साली बांधला म्हणालास. पूल छानच आहे, पण माझं लक्ष पुलाकडे नव्हतंच. माझ्याहून वयाने मोठ्या बायका, काही तर सत्तरी ओलांडलेल्या, मागच्या कॅरिअरला दोन्हीकडे पिशव्या लटकवून, ओठांना लिपस्टिक लावून, ताठ बसून चालल्या होत्या. व्यायामाला नव्हे, दुकानात. मला तेवढंच दिसत होतं. तिथल्या सायकलचा मात्र एक वैताग होता. आपल्याकडे निघताना पायडल मागे फिरवून हवं तसं वर आणायची सवय, आणि तिथे मागे दाबलं की ब्रेकच लागतो. पहिल्या सिग्नलला मी किती घोळ घातला, आठवतोय ना?

तिथलं कौतुक पुरे. त्यांचेही रस्ते एके काळी मोटारींनी भरलेच होते, हे तूच सांगितलंस. १९७० च्या दशकात मुलं गाड्यांखाली मरायला लागली तेव्हा तिथले आईबाप रस्त्यावर उतरले. आम्ही त्याच दशकात स्कूटरचा नंबर लागायची वाट बघत होतो. पुण्यातली लूना मोपेड १९७२ ची. मी नोकरीला लागले आणि पहिल्या वर्षाच्या पैशांतून लूना घेतली. सायकल भंगारवाल्याला गेली, आणि माझ्या आईने तिच्यामागून "कॅरिअर तरी काढून घ्यायचं होतं" एवढंच म्हटलं. त्याआधीचं पुणं तुला ऐकून पाठ आहे: भाड्याच्या सायकलींची दुकानं, तासाचा दर, महापालिकेचा बिल्ला, दिवा नसला किंवा डबलसीट असलं की पोलिसाने चाकातली हवा सोडणं. टिळक रोडवर आम्ही मुली चौघी-चौघी एका ओळीत जायचो आणि मागून घंटी वाजवणाऱ्याला मुळीच वाट द्यायचो नाही. त्यात काही पराक्रम नव्हता, सगळेच सायकलवर होते.

आता मी एकटी असते. म्हणजे रस्त्यावर सायकली आहेत, पण एकतर पेपर टाकणारी, दूध पोचवणारी, बांधकामावर जाणारी माणसं, ज्यांना दुसरा इलाज नाही. नाहीतर रविवारी पहाटे घट्ट कपडे घालून सिंहगडाकडे सुसाटणारी मंडळी. ही दुसरी मंडळी मला मागे टाकताना "काकू, गुड जॉब!" म्हणतात. मी भाजी आणायला निघालेले असते रे. भाजी आणण्यात कसला आलाय जॉब? पेपरवाले काही म्हणत नाहीत. ते नुसतं बघतात आणि थोडं बाजूला होतात. मला ते जास्त आवडतं.

सायकल घेताना तर मजाच झाली. दुकानातल्या मुलाने मागे सात गिअर असलेली, देखणी, हलकी सायकल दाखवली. तिला मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही, घंटीसुद्धा नाही. मी म्हटलं, हे सगळं बसवून दे. तो म्हणाला, "मॅडम, कॅरिअरने लुक जातो." मी म्हटलं, मेथीची जुडी तुझ्या लुकवर ठेवू का? शेवटी बसवलं सगळं, पैसे वेगळे. दांडीही तिरकी, खाली उतरलेली बघून घेतली. सलवार घालून पाय मागून टाकायचं वय नाही आता. ओढणी मात्र मी पहिल्या दिवसापासून कमरेला करकचून बांधते, मागच्या चाकात गेलेली ओढणी काय करते ते आम्ही कॉलेजात पाहिलंय.

सुरुवातीला गुडघ्याची वाटी दुखायची. बाबा लगेच "मी म्हणत होतोच" म्हणाले. दुखणं वयाचं नव्हतं, सीटचं होतं. पाय जमिनीवर पूर्ण टेकावेत म्हणून मी सीट अगदी खाली ठेवून घेतली होती, त्यामुळे दर फेऱ्याला गुडघा पोटाजवळ येऊन दुमडायचा आणि सगळा जोर वाटीवर. फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितलं, सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल तळाशी न्या, तेव्हा पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना गुडघा आपोआप जरासा वाकलेला राहतो. सीट चार बोटं वर गेली आणि दुखणं थांबलं. पण आता बसल्या बसल्या पाय टेकत नाही. थांबायचं तर आधी सीटवरून पुढे उतरायचं, निघताना उजवं पायडल वर आणून त्यावर उभं राहत सीटवर यायचं. लहानपणी ज्याचा विचार केला नाही ते आता पायरी पायरीने शिकतेय, आणि शिकताना मजा येतेय. त्या ओल्या ब्लॉकवर मला उतरायला तेवढा वेळ मिळाला नाही, इतकंच.

बाकी कटकटी आहेतच, लपवत नाही. मान पूर्वीसारखी वळत नाही, त्यामुळे उजवीकडे वळणं ही माझी खरी परीक्षा. एक हात सोडून दाखवायचा, मागे बघायचं आणि तोल सांभाळायचा, हे तिन्ही एकदम जमत नाही. नळस्टॉपला तर मी सरळ उतरते, झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हातात धरून पलीकडे जाते आणि मग बसते. संध्याकाळी दिवे डोळ्यांवर येतात म्हणून उजेडातच फिरते. आणि लघवीला कुठे जायचं, हा या शहरात माझ्या वयाच्या बाईला पडणारा पहिला प्रश्न आहे. त्याचं उत्तर माझ्या डोक्यात नकाशासारखं तयार आहे: कुठलं वाचनालय, कुठली बँक, कुठली मैत्रीण.

पंक्चरचं दुकान शोधणं हे तर संशोधनच. बहुतेक जण "सायकल नाही करत" म्हणून मान हलवतात, मोटारसायकलच्या पंक्चरमध्ये त्यांना पैसे जास्त. एका गल्लीत पिंपळाखाली एक म्हातारा सापडला. त्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले, कानशीने घासली, सोल्यूशन लावून फुंकर मारली, ठिगळ बसवलं. मी उठले तर म्हणाला, "थांबा, अजून झालं नाही." टायरच्या आतून त्याने सावकाश बोट फिरवलं आणि केसाएवढी बारीक तार काढून माझ्या तळहातावर ठेवली. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या तारा रस्त्यावर पडलेल्या असतात म्हणे. ती तशीच राहिली असती तर घरी पोचेपर्यंत पुन्हा पंक्चर. मग त्याने चाक फिरवून त्यातला आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि ओव्हरऑइलिंगला दिवाळीआधी आणा, नंतर मी गावाला जातो, असं बजावलं.

आता तुझा खरा प्रश्न, "पण कशाला?" कोथरूडहून डेक्कनला उतार आहे आणि येताना चढ आहे, हे मला लूनाने आणि नंतर कारने कधीच कळू दिलं नव्हतं. पन्नास वर्षं या शहरात राहून मला त्याची जमीन माहीत नव्हती. सकाळी मेट्रोच्या खांबांच्या सावलीतून कर्वे रोड उतरताना पायडल मारावं लागत नाही, मागच्या चाकाची नुसती टिकटिक ऐकू येते. पेठेत शिरलं की भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, कुणाच्या तरी खिडकीतला रेडिओ, मंडईच्या अलीकडे ओल्या पालेभाजीचा वास. वाटेत कुणी भेटलं तर एक पाय टेकून पाच मिनिटं बोलता येतं, पार्किंगचा प्रश्न नाही. कॉलेजमधली कुंदा अशीच भेटली. ती म्हणाली, "अगं, तू अजून सायकलवर?" मी म्हटलं, अजून नाही, पुन्हा.

आणि परत येतानाचा चढ. कॅरिअरवर भाजी, दम लागलेला, लहान गिअर टाकून हळूहळू चढायचं, रिक्षावाला मागून "आजी, बाजूला" म्हणणार. त्या वेळी मी स्वतःलाच शिव्या घालते. पण घरी पोचते ती भाजी घेऊन पोचते, बाबांना गाडी काढायला न सांगता, रिक्षाला "कोथरूड येणार का" न विचारता. नोकरी सुटल्यापासून मला कुठेही जायचं म्हणजे कुणाला तरी सांगावं लागत होतं. तुझ्या त्या घरातल्या सायकलवर तासभर पाय मारले तरी मी उतरणार हॉलमध्येच. मला व्यायाम करायचा नाहीये, मला जायचंय.

बॅटरीची सायकल देऊ का, असंही तू विचारलंस. ती नको असं नाही म्हणत. अजून दोन-तीन वर्षांनी चढ झेपेनासा झाला की मीच मागेन. पण ती जड असते, आणि आपल्या बिल्डिंगच्या पाच पायऱ्या ती उचलून चढवायला रोज वॉचमनची विनवणी करायची माझी तयारी नाही. सोसायटीला उतरता रॅम्प करा म्हणून अर्ज दिलाय. अध्यक्ष म्हणाले, बघू.

पैसे खर्चच करायचे असतील तर दिवाळीला येताना दोन वस्तू आण. एक म्हणजे कॅरिअरवर दोन्ही बाजूंना टाकायची तसली पिशवी, त्या बायकांकडे होती ती, पावसात न भिजणारी. आणि हँडलला लावायचा आरसा, म्हणजे उजवीकडे वळताना माझ्या मानेचं काम कमी होईल. आरसा उजव्या हँडलचा हवा. तुमच्याकडे गाड्या उजवीकडून चालतात म्हणून सगळे डाव्या बाजूचे आरसे विकत असतील. दुकानदाराला नीट सांग, आणि घ्यायच्या आधी मला फोटो पाठव.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी परवा दांडीला हात लावून "चालवून बघू का जरा" असं विचारलं. सीट खाली घ्यायची नाही या अटीवर हो म्हटलंय.