शेवंतीचे शेंडे आत्ताच खुडा, सप्टेंबरात नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी जानेवारी सरला की आमच्या कॉलनीतल्या कचरागाडीत शेवंतीची झाडं दिसतात. फुलं वाळली म्हणजे झाड मेलं असं समजून लोक उपटून टाकतात अन दिवाळीत परत नवीन कुंडी विकत आणतात. मला फार वाईट वाटतं, कारण बुडाशी हिरव्यागार काश्या, म्हणजे मुळाजवळून येणारे नवे कोंब, फुटलेल्या असतात हो! फुलं संपली की झाड जमिनीपासून 4-5 इंच ठेवून कापायचं, बस. पुढे आपला नागपूरचा उन्हाळा तेवढा सांभाळावा लागतो, मी मे महिन्यात कुंड्या कूलरच्या मागे सावलीत ठेवते, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांतही, तग धरतात, मग जूनमध्ये पाऊस पडला की काश्या वेगळ्या करून लावायच्या.

पण आज पत्र लिहायचं खरं कारण म्हणजे शेंडे. आता ऑगस्ट चालू आहे अन शेजारच्या ताईंची झाडं एकेका काडीवर दोन-दोन फूट उंच चालली, त्यांना म्हटलं खुडा, तर म्हणतात जीव होत नाही. अहो, शेंड्यातून जे हार्मोन खाली उतरतं ते बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, शेंडा गेला की तेच डोळे फुटतात, एका काडीच्या चार फांद्या होतात अन फुलं फांद्यांच्या टोकावर येतात, म्हणजे जितक्या फांद्या तितका बहर. रोप वीतभर झालं की पहिल्यांदा नखानेच खुडायचं, 3-4 आठवड्यांनी परत एकदा. पण ऑगस्ट संपला की हात आवरायचा! शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते, त्यानंतर खुडलं तर येणारी कळीच आपण तोडतो.

रात्रीवरून आठवलं, दोन वर्षांपूर्वी आमच्या घरासमोरच्या खांबावर नवीन पांढरा दिवा लागला, गॅलरी रात्रभर लख्ख. त्या बाजूच्या कुंड्यांना डिसेंबरपर्यंत नुसती पानंच, अन मागच्या अंगणातल्या त्याच जातीच्या झाडांना भरभरून फुलं. तेव्हापासून सप्टेंबर लागला की सगळ्या कुंड्या मागे नेते. ज्यांची शेवंती फुलत नाही त्यांनी खत वाढवायच्या आधी रात्री झाडावर उजेड पडतो का ते बघावं.

मोठं फूल हवं असेल तर मधली कळी ठेवून बाजूच्या बारीक कळ्या काढा, पण हे मोठ्या फुलाच्या जातीलाच, बटणासारख्या छोट्या शेवंतीला हात लावू नका. अन आपल्या काळ्या मातीत पाणी थांबतं, त्यात रेती अन शेणखत मिसळा, खालची डागाळलेली पानं काढत राहा.

तेवढं हे पत्र ऑगस्ट संपायच्या आत छापा ही विनंती, उशीर झाला तर यावर्षी कोणाच्याच कामाचं नाही. आणि खुडलेले शेंडे फेकू नका, 2-3 इंचाचे असतील तर खालची पानं काढून ओल्या रेतीत खोचा, सावलीत ठेवा, या पावसाळी हवेत मुळं धरतात. माझ्या 15 कुंड्यांपैकी 9 अशाच खुडलेल्या शेंड्यांच्या आहेत.

आपली एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर