अड्डूच्या तळाशी : मित्रास पत्र

माहीम, मुंबई
११ मार्च

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि नातवाने मालदीवला पाण्याखाली काढलेले फोटो मिळाले. त्यातला बुडालेला टँकर तिथे कसा गेला ते मीच सांगावे, कारण आयुष्यभर तेलाच्या वासात मीच राहिलो, असे तू लिहिले आहेस. डेकवर उभे राहून सूर्योदय पाहणाऱ्याने इंजिन रूममधल्याला काही विचारावे, हा योग चाळीस वर्षांत प्रथमच आला, म्हणून सविस्तर लिहितो.

फोटोतला टँकर म्हणजे ‘ब्रिटिश लॉयल्टी’. तो १९२८ साली बांधला गेला, ब्रिटिश टँकर कंपनीचा होता आणि सात हजार टनांना किंचित कमी भरत असे. आज मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाच्या तेलधक्क्याला लागणाऱ्या टँकरांशेजारी तो मचव्यासारखा दिसला असता. त्याला तीनदा बुडवले गेले, आणि तिसऱ्या वेळी ते काम शत्रूने नव्हे, तर घरच्यांनीच केले.

पहिली वेळ ३० मे १९४२ च्या रात्रीची. मादागास्करच्या उत्तर टोकाला असलेले दिएगो सुआरेझ बंदर ब्रिटिशांनी त्याच महिन्यात जर्मनीशी जुळवून घेतलेल्या विशी फ्रेंच सरकारकडून घेतले होते आणि हा टँकर तिथे नांगरून उभा होता. मोठ्या जपानी पाणबुड्यांनी बंदराबाहेर सोडलेल्या, जेमतेम दोन माणसे मावणाऱ्या छोट्या पाणबुडीने ‘रॅमिलीज’ या युद्धनौकेला एक टॉर्पेडो मारला आणि दुसरा आपल्या टँकरला लागून तो बंदरातच खाली बसला. युद्धनौका दुरुस्तीसाठी दरबानला गेली. टँकरला पुढे वर काढून अड्डूला आणले, पण जहाज म्हणून नव्हे, तर तेल साठवण्याची तरंगती टाकी म्हणून. ज्याने समुद्र पाहिला त्याला असे एका जागी बांधून ठेवणे मला, तुला हसू येईल, आजही खटकते.

अड्डू म्हणजे मालदीवच्या अगदी दक्षिणेचे कंकणाकृती प्रवाळद्वीप, विषुववृत्ताच्या जरा खाली. ब्रिटिश नौदलाचा तो गुप्त तळ होता आणि त्याला ‘पोर्ट टी’ म्हणत. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानवाहू नौकांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले, तेव्हा त्यांना या तळाचा पत्ताच नव्हता. मात्र पेनांगहून निघालेली यू-१८३ ही जर्मन पाणबुडी ९ मार्च १९४४ रोजी तिथे पोहोचली आणि खिंडीत लावलेल्या संरक्षक जाळ्यातली फट साधून तिने बाहेरूनच टॉर्पेडो सोडला. एवढे सगळे जाळे, आणि टॉर्पेडो नेमका फटीतून आत! टँकर पुन्हा बसला, पुन्हा वर काढला गेला, पण आता त्याच्यावर कोणी खर्च करणार नव्हते. युद्ध संपल्यावर, ५ जानेवारी १९४६ रोजी, तो हितधूजवळ मुद्दाम बुडवण्यात आला. तिथेच तो सुमारे तेहतीस मीटर खोलीवर एका कुशीवर पडून आहे, आणि तुझा नातू त्याच्याभोवती मासे पाहत फिरला.

आता तुझा खरा प्रश्न, की टॉर्पेडो लागूनही टँकर पुन्हा पुन्हा वर कसा निघतो. दोन्ही वेळा तो उथळ बंदरात होता हे एक कारण झाले, पण मूळ कारण त्याच्या बांधणीत आहे. टँकरचे पोट आडव्या-उभ्या भिंतींनी अनेक टाक्यांत विभागलेले असते आणि भरलेले तेल पाण्याहून हलके असते, त्यामुळे एखादी टाकी फुटली तरी तेल बाहेर जाऊन पाणी आत येते, जहाज थोडे खाली बसते, आणि बाकीच्या टाक्या त्याला धरून ठेवतात. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘ओहायो’ या टँकरला इटालियन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, वरून विमानांनी बॉम्ब टाकले, तरी दोन विनाशिकांच्या मध्ये बांधून त्यातले तेल माल्टाला पोहोचवण्यात आले. रिकामा टँकर मात्र वेगळा, कारण त्याच्या टाक्यांत तेलाऐवजी वाफ असते, आणि ठिणगीला तेवढी पुरते. माझ्या पहिल्याच टँकरवर टाकीत उतरण्यापूर्वी सेकंड इंजिनिअरने माझे बूट उलटे करून तळव्यांत खिळे आहेत का ते पाहिले होते. त्या काळी मला तो विक्षिप्तपणा वाटला होता. आपल्या वेळेपर्यंत टाक्यांत निष्क्रिय वायू भरण्याची सोय येऊ लागली होती. युद्धातल्या बहुतेक टँकरांवर ती नव्हती.

भरलेल्या टँकरचे वर्म म्हणजे इंजिन रूम. ती मागच्या बाजूला असते आणि सगळ्या जहाजात सर्वांत मोठी, मध्ये भिंत नसलेली पोकळी तीच असते. पाणबुडीच्या कप्तानाला हे पक्के ठाऊक असे. तिथे टॉर्पेडो बसला की जहाज जागीच थांबते, दिवे जातात, पाणी भरते आणि मागचा भाग खाली ओढला जातो. आणि त्या घटकेला खाली वॉचवर, म्हणजे पाळीवर, जे असतील, ते इंजिनिअर, तेलवाले आणि आगवाले, त्यांना वर येण्यासाठी लोखंडी जिन्यांखेरीज मार्ग नसतो. ‘ब्रिटिश लॉयल्टी’चे फोटो पाहताना सुंदर प्रवाळ दिसण्याआधी मला ते जिने दिसले.

या टँकरची सगळे आठवण काढतात, कारण तो उथळ पाण्यात आहे आणि तिथे पोहायला जाता येते. पण त्याच्याच कंपनीचा दुसरा टँकर तिथून पश्चिमेला, अडुसष्टाव्या रेखांशाच्या आसपास, खोल समुद्रात पडला आहे. ‘ब्रिटिश चिव्हलरी’ हा टँकर मेलबर्नहून आबादानला रिकामा जात असताना २२ फेब्रुवारी १९४४ रोजी जपानच्या आय-३७ पाणबुडीने त्याला बुडवले. माणसे जहाज सोडून पाण्यावर होती, तेव्हा पाणबुडीने कॅप्टनला कैद करून वर घेतले, आणि मग उरलेल्यांवर मशीनगन चालवली. वीस माणसे गेली. वाचलेले अडतीस जण बोटीत सदतीस दिवस राहिले आणि मग एका जहाजाने त्यांना उचलले. त्याच पाणबुडीने चारच दिवसांनी ‘सतलज’ आणि आणखी तीन दिवसांनी ‘अस्कॉट’ ही जहाजे बुडवली आणि तिथेही हेच केले. तिच्या कप्तानाला, नाकागावाला, युद्धानंतर आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. एका माणसाच्या हिशेबात ती फार थोडी वाटते, पण तो वाद तुझ्याशी समोरासमोर घालीन.

काल रात्री कॅलेंडर समोर ठेवून मी दिवस मोजले. अड्डूच्या जाळ्यातून टॉर्पेडो आत आला, तो ‘ब्रिटिश चिव्हलरी’च्या माणसांचा बोटीतला सतरावा दिवस होता. तळावरची सगळी धावपळ एका जागी नांगरलेल्या, मूळच्याच जायबंदी टँकरसाठी झाली असेल, आणि त्याच समुद्रात पश्चिमेकडे अडतीस माणसे पाण्याचे घोट वाटून घेत होती, आणखी वीस दिवस. मुंबईत त्याच सुमारास, १४ एप्रिलला, व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे दारूगोळ्याचे जहाज फुटले, आणि १९४४ म्हटले की आपल्या शहराला तेवढेच आठवते.

त्या युद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या माणसांपैकी सुमारे चौथा भाग आपल्या देशाचा होता. त्यांत आपल्या रत्नागिरीकडचे किती खलाशी, त्यांचे मुकादम म्हणजे सारंग आणि टंडेल, आणि भंडारी म्हणजे स्वयंपाकी होते ते तुला सांगायला नको, कारण तुझ्या गावात तशी घरे अजून आहेत. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथाईच्या आसपास, आणि टॉर्पेडो मात्र दोघांना सारखाच. १९३९ साली त्यांनी संप केले, तेव्हा कुठे त्यात वाढ झाली. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या अशा सहा हजारांहून अधिक जणांची नावे एका पुस्तकात लिहून ते मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये ठेवले आहे. पी. डिमेलो रोडवरून आपण शेकडो वेळा गेलो असू, शिपिंग ऑफिसच्या चकरा मारताना तर रोज, आणि कधी आत डोकावलो नाही. मे महिन्यात तू येशील तेव्हा एक सकाळ त्यासाठी ठेव. ट्रेनने जाऊ, तुझ्या गुडघ्यांना टॅक्सीपेक्षा ती बरी.

नातवाला माझा आशीर्वाद सांग आणि एक काम सांग. पुढच्या खेपेस उतरेल तेव्हा त्याने मागच्या भागात, चिमणीच्या मुळाशी, इंजिन रूमची छतावरची झडप कशी आहे, उघडी की बंद, याचा एक स्पष्ट फोटो मला काढून पाठवावा.

तुझा,
अनंत