स्कीइंग करताना कान मोकळे हवेत

महोदय,

दिवाळी सरली की गुलमर्ग, औली, सोलांगच्या सहलींच्या जाहिराती आपल्याकडे झळकू लागतात. त्यात आता 'स्कीइंगचा अनुभव' हमखास असतो. मी गुलमर्गच्या सरकारी संस्थेत स्कीइंग शिकले, आणि हिवाळ्यात जमेल तशी तिथे जाते. नवशिक्यांच्या उतारावर हल्ली मराठी भरपूर ऐकू येते, याचा आनंदच वाटतो. पण त्यातल्या निम्म्याअधिक तरुणांच्या कानांत इअरबड्स आणि हातात फोन दिसतो, तेव्हा मनापासून भीती वाटते.

स्की पायांत असताना मागचे दिसत नाही. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, आणि मान वळवली की नवशिक्याचा तोल गेलाच. म्हणून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा नियम आहे की, पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट मागून येणाऱ्याने निवडायची. नियम योग्यच आहे. पण जिथे सगळेच शिकाऊ, तिथे वरून येणाऱ्याला वळता येत नाही की थांबता येत नाही. त्याच्या हाती उरते ती फक्त हाक. घट्ट बर्फावर स्कीच्या कडांची खरखर तरी जरा आधी कानावर येते. ताज्या, भुसभुशीत बर्फात माणूस जवळजवळ आवाज न करता अंगावर येतो.

गेल्या फेब्रुवारीत एका मुलीचा एक इअरबड बर्फात पडला. ती तिथेच, एका उंचवट्याच्या बरोब्बर खाली, वाकून तो शोधू लागली. दुसऱ्या कानात गाणे चालूच होते. खालून प्रशिक्षक ओरडत होता, "मॅडम, साइड में आओ, साइड!" तिने मान वर केली नाही. वरून तिच्याच गटातला एक मुलगा आला. उंचवटा ओलांडेपर्यंत त्याला ती दिसणे शक्यच नव्हते. दिसल्यावर तोही जिवाच्या आकांताने ओरडला. धडक बसली तेव्हा तोल सांभाळायच्या काठीचा पट्टा तिच्या मनगटात होता. हातमोजा काढायला मी मदत केली, तोवर अंगठ्याचे मूळ टम्म सुजले होते. काठी हातात असताना पडले की अंगठा मागे ओढला जातो. स्कीइंगमधली ही नेहमीची इजा. मुलगा डोक्यावर आपटला, हेल्मेट होते म्हणून निभावले. त्या गटाचा सहल व्यवस्थापक तेव्हा खाली उभा राहून व्हिडिओ घेत होता.

संगीताने भीती जाते, लय सापडते, असे मुले सांगतात. मला हे पटत नाही. शिकणाऱ्याला लय सापडते ती प्रशिक्षकाच्या "घुटने मोडो, वजन आगे" या सूचनांमधून, आणि त्याच कानाबाहेर राहतात. सराईत माणूस ताशी ४० किलोमीटरने सहज उतरतो, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दोन सेकंद नजर स्क्रीनवर गेली की २२ मीटर आंधळा प्रवास झाला. त्याहून वाईट म्हणजे प्रशिक्षकाच्याच हाती फोन देऊन "आमची रील काढा" म्हणणे. तो बिचारा पाठमोरा घसरत चित्रण करतो, आणि ज्याच्यासाठी त्याला पैसे दिले ते लक्ष कॅमेऱ्यात जाते.

गोंडोलाने, म्हणजे केबल कारने, गुलमर्गच्या वरच्या अफरवट शिखराकडे जाऊन आखीव उताराबाहेर स्कीइंग करणाऱ्यांना तर आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. त्या भागात हिमस्खलनात फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. गाडलेल्याला शोधायला अंगावर बीकन, म्हणजे रेडिओ संदेश पाठवणारे आणि पकडणारे छोटे यंत्र, बांधतात, आणि जवळचा चालू फोन त्याच्या संदेशात अडथळा आणतो. शोधणाऱ्याने फोन बंद करावा, निदान बीकनपासून अर्धा मीटर तरी लांब ठेवावा.

फोन घरी ठेवा असे माझे म्हणणे नाही. अपघातात तो लागतोच. तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेत असावा. गारठ्यात बॅटरी भराभर उतरते. आपल्याकडचे प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, तेव्हा पोस्टपेडची सोय आधीच करावी. फोटो काढायचा तर उताराच्या कडेला येऊन, वरून दिसेल अशा जागी थांबून काढावा.

पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्या प्रवाशांना थर्मल, हातमोजे, सनस्क्रीनची यादी देतात. त्याच कागदावर 'उतारावर इअरबड्स लावू नयेत, फोन हातात धरू नये, प्रशिक्षकाला चित्रण करायला सांगू नये' एवढे ठळक छापावे, आणि न ऐकणाऱ्याला त्या दिवशी स्की देऊ नयेत. पालकांनीही पैसे भरण्याआधी हे विचारून घ्यावे. हंगामाची नोंदणी आत्ता सुरू आहे, त्यामुळे हे याच महिन्यात करता येईल.

– एक वाचक, कोथरूड, पुणे